निमरूझ : हेलमंद नदीच्या शेवटच्या वळणावरचा वाळवंटी सीमाप्रांत

नकाशावाला (धागाकर्ता)

अफगाणिस्तान म्हटलं की आपल्याला काबूल, कंदाहार, फार तर हेरात आठवतं. देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, पश्चिमेला इराण आणि दक्षिणेला पाकिस्तान अशा दोन सीमांच्या बेचक्यात निमरूझ नावाचा प्रांत आहे. आपल्याकडे त्याच्यावर फारसं काही लिहिलं गेलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा. या प्रांताबद्दल मी बरीच वर्षं मिळेल ते वाचतो आहे. तिथला इतिहास राजेरजवाड्यांच्या क्रमाने वाचला तर हाती फारसं लागत नाही, हेलमंद नदीच्या पाण्याच्या अंगाने वाचला की उलगडत जातो, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी भूगोल. क्षेत्रफळ सुमारे ४० हजार चौरस किलोमीटर, वस्ती अगदी विरळ. राजधानी झरंज, इराणच्या सीमेला खेटून. बलुच लोकांचं इतकं प्राबल्य असलेला अफगाणिस्तानातला हा एकमेव प्रांत. त्यांच्या जोडीला पश्तून, ब्राहुई आणि ताजिकही आहेत. पाऊस वर्षाला ५०-६० मिलिमीटर. आपल्याकडे जुलैतल्या एखाद्या दुपारी याहून जास्त पडतो. पूर्वेला दश्त-ए-मार्गो, म्हणजे मृत्यूचं वाळवंट. दक्षिण सीमेच्या पश्चिम टोकाला कोह-ए-मलिक सियाह हा डोंगर आहे, तिथे अफगाणिस्तान, इराण आणि पाकिस्तान एका बिंदूत मिळतात.

अशा जागी माणूस राहतो तो हेलमंदच्या जोरावर. ही नदी काबूलच्या पश्चिमेला हिंदुकुशच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे ११५० किलोमीटर वाहते, पण समुद्राला मिळत नाही. उपग्रहाचं चित्र उघडा आणि नदीवर बोट ठेवून खाली सरकत या. कंदाहारच्या पश्चिमेने ती नैर्ऋत्येला उतरते. दोन्ही बाजूंना पिवळी-करडी वाळू आणि मध्ये शेतांची बारीक हिरवी पट्टी, काही ठिकाणी जेमतेम एक-दोन किलोमीटर रुंद. निमरूझच्या चहार बुर्जक जिल्ह्यात ती पश्चिमेला वळते आणि कमाल खानच्या बंधाऱ्यापाशी एकदम काटकोनात उत्तरेकडे जाते. पुढे कोहकपाशी दोन फाटे फुटतात. एक फाटा इराणमध्ये शिरतो, दुसरा सीमेवरून उत्तरेला जातो आणि पुझक, साबेरी, हेलमंद या तीन हामून सरोवरांच्या साखळीत पसरतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते यापुढचं. मोठा पूर आला की हामून तुडुंब भरतात आणि जादा पाणी शेला नावाच्या पात्रातून पुन्हा दक्षिणेला, गौद-ए-झिरेह या सगळ्यात खोलगट भागात जातं. म्हणजे नदी दक्षिणेकडून उत्तरेला जाते, सरोवरात थांबते आणि उरलेलं पाणी परत दक्षिणेला येतं, जवळजवळ पूर्ण कडं. या उलट्या वाहण्यामुळेच हामूनचं पाणी गोडं राहिलं. बाष्पीभवन प्रचंड असलेल्या बंदिस्त सरोवरात मीठ साचत जायला हवं, पण इथे दर काही वर्षांनी येणारा पूर ते धुऊन गौद-ए-झिरेहमध्ये नेऊन टाकतो. मीठ तिथे साचतं, हामूनमध्ये मासे आणि वेतबांबू वाढतात.

या गाळाच्या सपाट त्रिभुज प्रदेशात नदी पात्र बदलते, वारंवार बदलते. जुन्या पात्रांच्या काठची गावं ओस पडतात आणि वाळू त्यांच्यावर चढते. झरंजच्या दक्षिणेला सार-ओ-तारचे अवशेष आहेत : मैलोन्‌मैल पसरलेले कच्च्या विटांचे वाडे, कालवे, तटबंद्या, अर्धे वाळूच्या टेकड्यांखाली. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या पथकाने तिथे काम केलं. एके काळी इथे दाट शेती होती हे त्या कोरड्या कालव्यांवरून कळतं.

सीमेची गोष्टही याच नदीची. इराण आणि अफगाणिस्तान दोघेही सिस्तानवर, म्हणजे हेलमंदच्या याच त्रिभुज प्रदेशाच्या मुलुखावर, हक्क सांगत होते, तेव्हा १८७२ मध्ये ब्रिटिशांच्या वतीने फ्रेडरिक गोल्डस्मिड या अधिकाऱ्याने लवाद केला. सिस्तानचा मुख्य लागवडीचा भाग इराणला, नदीपलीकडचा अफगाणिस्तानला आणि मधली सीमा हेलमंदच्या पात्रावरून, असा तो निवाडा. १८९६ च्या पुरात नदी पश्चिमेला सरकली. सीमा मग जुन्या कोरड्या पात्रावर मानायची की नव्या वाहत्या? भांडण पुन्हा पेटलं आणि १९०३ ते १९०५ या काळात हेन्री मॅकमोहनला मोठा लवाजमा घेऊन यावं लागलं. होय, तोच मॅकमोहन, ज्याच्या नावाची १९१४ ची रेषा आपल्या अरुणाचलच्या माथ्यावर आहे. त्याने जमिनीवर सीमेच्या खुणा उभारल्या आणि पाण्याचा निवाडाही दिला : एक तृतीयांश पाणी इराणला. इराणने तो मानला नाही. तिथून सुरू झालेला वाद आज सव्वाशे वर्षं चालू आहे.

प्रशासनाचं एका ओळीत : पूर्वी हा भाग चखानसूर म्हणून ओळखला जाई, १९६८ पासून प्रांताचं नाव निमरूझ.

जाणकारांनी भर घालावी, विशेषतः प्राचीन इतिहास आणि पाणीवाटप यांबद्दल.

---

इतिहासवेडी

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. प्राचीन भागात थोडी भर घालते.

या मुलुखाचा लिखित उल्लेख प्राचीन इराणचा सम्राट दरायस याच्या बेहिस्तून शिलालेखात, त्याच्या साम्राज्यातल्या प्रांतांच्या यादीत आहे. त्याच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधी, आज इराणच्या बाजूला असलेल्या शहर-ए-सोख्ता इथे कांस्ययुगीन नगर होतं. इसवी सनापूर्वी ३२०० ते १८०० असा त्याचा साधारण काळ. एका स्त्रीच्या सांगाड्याच्या डोळ्याच्या खोबणीत तिथे कृत्रिम डोळा सापडला आहे. २०१४ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. तेही हेलमंदच्याच एका जुन्या फाट्यावर वसलेलं होतं. आजची सीमा डोक्यातून काढून टाकल्याशिवाय या भागाचा इतिहास वाचताच येत नाही. झरंज आणि इराणचं झाबोल एकाच त्रिभुज प्रदेशातली आहेत.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य आशियातून शक टोळ्या इथे उतरल्या आणि स्थिरावल्या. प्रदेशाला त्यांच्यावरून शकस्तान म्हणू लागले, त्याचंच पुढे सिस्तान झालं. मथुरेच्या सिंहशीर्षावरच्या खरोष्ठी लेखात शकस्तानाचा उल्लेख आहे, म्हणजे भारतात आल्यावरही त्यांना ती भूमी आठवत होती. महाराष्ट्राचा धागा इथे येऊन जुळतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत दानलेख कोरणारा उषवदात, क्षत्रप नहपानाचा जावई, स्वतःला शक म्हणवतो. शेजारच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, शक-यवन-पल्हवांचा नाश केल्याचं कोरलं आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. हे क्षत्रप थेट झरंजहून आले असं मी म्हणत नाही, मध्ये काही पिढ्या आणि सिंध-सौराष्ट्राचा टप्पा आहे. पण शकांच्या भारतात येण्याच्या वाटेवरचं मोठं ठाणं हेच.

आता ज्याच्यासाठी मी मुळात लिहायला बसले तो माणूस : याकूब इब्न लैथ. झरंजजवळच्या कर्नीन गावचा तांबट. स्थानिक दलात शिरला, सरदार झाला आणि ८६१ मध्ये झरंज ताब्यात घेतलं. तांबटाला अरबीत सफ्फार म्हणतात, म्हणून घराणं सफ्फारी. पुढच्या पंधरा वर्षांत त्याने काबूलपर्यंत स्वाऱ्या केल्या, ८७३ मध्ये निशापूर घेतलं आणि ८७६ मध्ये थेट बगदादच्या खलिफावर चालून गेला. दैर अल-आकूलला पराभव झाला, ८७९ मध्ये तो वारला. 'तारीख-ए-सिस्तान' या जुन्या इतिहासात असं दिलं आहे की एका विजयानंतर कवींनी त्याची अरबीत स्तुती केली, तेव्हा जे मला समजत नाही ते माझ्यापुढे का म्हणता, असं तो म्हणाला. मग त्याचा चिटणीस मुहम्मद इब्न वसीफ याने फारसीत कविता रचली. नव्या फारसी दरबारी काव्याची ही सुरुवात मानावी का यावर अभ्यासक वाद घालतात. मला स्वतःला ती कथा खरी वाटते, कारण तांबटाच्या दुकानातून आलेल्या माणसाला अरबी येत नसणं अगदी स्वाभाविक आहे.

झरंजचा ऱ्हास तैमूरच्या नावावर आहे. १३८३ मध्ये त्याने शहर बेचिराख केलं. नदीवरचं रुस्तमचं धरणही त्यानेच फोडलं अशी परंपरा सांगते. त्याचा मुलगा शाहरुख १४०८ मध्ये आला तेव्हा सिस्तानला जेरीस आणण्यासाठी त्याने बंधारे मोडले. नकाशावाले, तुमच्या मुद्द्याला यातून बळच मिळतं. तट पाडला तर शहर पुन्हा उभं राहतं. बंधारे मोडले, कालवे गाळाने भरले, आणि शेतकरी गेले ते गेलेच.

---

पारिजात_

रुस्तम म्हणजे शाहनामा या फारसी महाकाव्यातला रुस्तमच ना? मुंबईत शाळेत असताना वर्गात एक रुस्तम आणि एक सोहराब होता, पण त्यांचं मूळ गाव म्हणजे सिस्तान हे मला आज कळतंय.

---

इतिहासवेडी

हो, तोच. झालचा मुलगा रुस्तम सिस्तान-झाबुलिस्तानचा वीर. पारशी समाजाचं या मुलुखाशी आणखी एक जुनं नातं आहे. अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथातल्या झम्याद यश्तात हेलमंद नदीचं आणि कांसओय सरोवराचं वर्णन येतं. अभ्यासक ते सरोवर म्हणजे हामून असं मानतात. जगाचा अंतिम उद्धारकर्ता सओश्यंत त्याच सरोवरातून प्रकटणार अशी श्रद्धा आहे. हामूनच्या मधोमध इराणच्या बाजूला कुह-ए-ख्वाजा हा सपाट माथ्याचा काळ्या दगडाचा डोंगर आहे, त्याच्यावर जुन्या वास्तूंचे अवशेष आहेत. सरोवर भरलं की त्याचं बेट होतं.

---

रानवारा

वाऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत उत्तर-वायव्येकडून सतत वाहणारा वारा, स्थानिक नाव एकशेवीस दिवसांचा वारा. निमरूझ आणि सिस्तानमधली घरं बांधताना आधी त्याचा विचार होतो.

दहाव्या शतकातला प्रवासी अल-मसूदी सिस्तानला वारा आणि वाळूचा देश म्हणतो आणि तिथे वाऱ्यावर गिरण्या चालतात, विहिरींतून पाणी उपसलं जातं, असं नोंदवतो. पवनचक्कीच्या जगातल्या सर्वांत जुन्या खात्रीच्या नोंदींत या नोंदी येतात. युरोपातल्या पवनचक्क्यांपेक्षा यांची रचना अगदी वेगळी. जमिनीतून वर जाणारा एक उभा लाकडी आस, त्याच्याभोवती वेताच्या किंवा लाकडाच्या उभ्या फळ्या, आणि चारी बाजूंना मातीच्या उंच भिंती. उत्तरेच्या भिंतीत एका अंगाला उभी फट ठेवलेली असते. वारा तिथून आत घुसतो आणि एकाच बाजूच्या फळ्यांना ढकलतो, दुसऱ्या बाजूच्या फळ्या भिंतीच्या आडोशाला राहतात. आस फिरतो आणि त्याच्याबरोबर जात्याची वरची तळी. दाते नाहीत, चाकं नाहीत. वारा एकाच दिशेचा असल्यामुळे चक्की वाऱ्याकडे वळवायची सोयच करावी लागत नाही. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं.

घरातही तोच वारा कामाला लावलेला. उत्तरेच्या खिडकीत उंटकाट्याची झुडपं दाबून बसवायची आणि त्यांच्यावर पाणी शिंपडत राहायचं. याला खारखोना म्हणतात. बाहेर पंचेचाळीस अंश असताना आतली खोली बसण्याजोगी होते.

हामून भरलेलं असे तेव्हा तिथले सय्याद लोक बोरूच्या मोळ्या बांधून तुतीन नावाच्या होड्या करत. लांबट, उथळ, काठीने ढकलत न्यायच्या. मासेमारी, पक्षी धरणं, चटया विणणं, सगळं त्या बोरूवर. १९९८ नंतरच्या दुष्काळात सरोवरं सलग काही वर्षं कोरडी पडली, तेव्हा होड्या आणि मासेमारी दोन्ही गेलं. आणि तोच वारा कोरड्या तळावरची बारीक माती उचलून झरंज आणि झाबोलवर टाकू लागला. डोळ्यांचे आणि श्वासाचे आजार तिथे यातून आले.

---

पाटकरी

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, त्यामुळे १९७३ च्या करारावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१३ मार्च १९७३ रोजी अफगाण पंतप्रधान मुसा शफीक आणि इराणचे पंतप्रधान अमीर अब्बास होवेदा यांनी हेलमंद करारावर सह्या केल्या. सामान्य पाण्याच्या वर्षात इराणला सरासरी २२ क्युमेक, म्हणजे सेकंदाला २२ घनमीटर, आणि वर सद्भावना म्हणून ४, एकूण २६ क्युमेक. वर्षाचा हिशेब केला तर ८२ कोटी घनमीटर. आपल्या भाषेत २९ टीएमसी. पुणेकरांसाठी सांगतो : खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली की जेवढा साठा होतो, साधारण तेवढं.

यातला २२ चा आकडा १९५० च्या सुमाराच्या त्रयस्थ तज्ज्ञांच्या आयोगाकडून आलेला. करार झाला आणि चार महिन्यांत दाऊद खानने काबूलमध्ये सत्ता उलथवली. मंजुरीची कागदपत्रं पूर्ण व्हायला १९७७ उजाडलं. मग क्रांती आणि युद्धं, दोन्हीकडे. वरच्या बाजूला कजाकी धरण अमेरिकन मदतीने १९५३ मध्येच झालं होतं, त्यामुळे नळाची तोटी अफगाणिस्तानच्या हातात आधीपासून होती.

२४ मार्च २०२१ रोजी अध्यक्ष अश्रफ घनींनी चहार बुर्जकमध्ये कमाल खान धरणाचं उद्घाटन केलं. साठा ५ कोटी २० लाख घनमीटर, दोन टीएमसीलाही थोडा कमी, आणि वीज ९ मेगावॉट. आकाराने मोठं नाही, जागा मात्र मोक्याची. नदी उत्तरेला वळते नेमकी तिथेच ते आहे. पुराचं पाणी उत्तरेला हामूनकडे सोडायचं की दक्षिणेला गौद-ए-झिरेहच्या खोलगटात, हे आता तिथे ठरतं. २०२२ मध्ये पाणी गौद-ए-झिरेहकडे गेल्याचं उपग्रहचित्रांत दिसलं आणि इराणने जोरदार आक्षेप घेतला. २७ मे २०२३ रोजी झरंजजवळच्या सीमेवर इराणी पहारेकरी आणि तालिबान यांच्यात गोळीबार होऊन दोन्ही बाजूंची माणसं मेली.

---

चाकोरीबाहेर

पाटकरी साहेब, माहिती उत्तम, पण मला अफगाणांची बाजूही मांडायची आहे. नदीचा उगम त्यांचा, बर्फ त्यांच्या डोंगरावरचं, आणि चाळीस वर्षं युद्धात होरपळलेल्या देशाने आपल्या शेतीसाठी एक छोटं धरण बांधलं तर बिघडलं काय? इराणने स्वतःच्या बाजूला चाह नीमेचे मोठे साठे करून ठेवलेच आहेत, झाबोल आणि झाहेदानला तिथून पाणी जातं. निमरूझच्या शेतकऱ्याने मात्र डोळ्यांसमोरून पाणी वाहून जाताना पाहत राहायचं?

---

पाटकरी

मुद्दा मान्य. वरच्या बाजूच्या शेतकऱ्याचा हक्क मी नाकारत नाही, आणि करारही नाकारत नाही. ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्तीवर इराणने दावा करू नये असं त्यातच लिहिलं आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. करारात दोन देशांचा वाटा आहे, सरोवराचा नाही. इराणचे २६ क्युमेक पूर्ण मिळाले तरी ते पिण्याला आणि शेतीला जातील. हामून भरतं ते पुराच्या पाण्यावर. तो पूर वर कजाकीत अडला, कालव्यांत गेला किंवा कमाल खानपाशी दक्षिणेला वळला, की सरोवर मेलं. आणि रानवारा म्हणाले ती धूळ झरंजच्या लोकांच्याही घरात शिरते. ज्या निमरूझच्या शेतकऱ्याची बाजू तुम्ही घेता, त्याचंच पोर खोकतं आहे.

---

भाऊसाहेब_ठाणे

आपल्या बीआरओने (सीमा सडक संघटनेने) तिथे रस्ता बांधला होता ना? त्याबद्दल कुणी सांगेल का? आणि चाबहारशी त्याचा संबंध काय?

---

नकाशावाला

भाऊसाहेब, आपल्या देशाचा निमरूझशी सगळ्यात ठळक संबंध तोच. देलाराम ते झरंज, सुमारे २१५ किलोमीटर. सीमा सडक संघटनेने बांधला, जानेवारी २००९ मध्ये प्रणव मुखर्जी आणि हामिद करझाई यांच्या उपस्थितीत अफगाणिस्तानच्या हवाली केला. देलारामला हा रस्ता देशाला वळसा घालणाऱ्या महामार्गाच्या कंदाहार-हेरात टप्प्याला मिळतो आणि झरंजला सीमेवरचा पूल ओलांडून इराणमार्गे चाबहार बंदर गाठता येतं. समुद्र नसलेल्या देशाला कराचीशिवाय दुसरी वाट मिळावी हा हेतू.

काम सोपं नव्हतं. खाश रूद नदीच्या बाजूने, वाळूची वादळं झेलत, हल्ल्यांच्या सावटाखाली केलं गेलं. नोव्हेंबर २००५ मध्ये बीआरओच्या एका चालकाचं तालिबानने अपहरण केलं आणि त्याला ठार मारलं. रक्षणासाठी गेलेल्या आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या) जवानांनी आणि त्याहून कितीतरी जास्त अफगाणांनी या रस्त्यावर जीव गमावला. आपल्याकडे या लोकांची आठवण फार कमी काढली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये झरंजहून सुकामेवा, कापड, गालिचे आणि खनिजं घेऊन ट्रक चाबहारला निघाले. एकूण ५७ टन माल, आणि त्याचं मुक्कामाचं ठिकाण मुंबई. त्याआधी २०१७ मध्ये कांडलाहून भारताचा गहू चाबहारमार्गे अफगाणिस्तानात गेला होता. मे २०२४ मध्ये भारताने चाबहारच्या टर्मिनलसाठी दहा वर्षांचा करार केला.

दुसरी बाजूही लिहितो. ६ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानच्या हाती पडलेली पहिली प्रांतिक राजधानी झरंज होती. त्याच्या आधीपासून आणि नंतरही, देशाबाहेर पडू पाहणाऱ्या अफगाणांची ही मुख्य वाट. पिकअपच्या मागे दाटीवाटीने बसवलेली माणसं झरंजहून दक्षिणेला वाळवंटात, तिथून पाकिस्तानच्या बलुचिस्तानात आणि मग इराणमध्ये. दलालांचे दर ठरलेले. इराण ज्यांना परत पाठवतो, तेही याच झरंजच्या पुलावरून परत येतात.

---

पारिजात_

पाटकरी काका, एक प्रश्न. "सामान्य पाण्याचं वर्ष" हे ठरवतं कोण? दुष्काळ असला तर काय?

---

पाटकरी

छान प्रश्न. मोजमाप कजाकी धरणाच्या वरच्या बाजूला, देहरावूद इथल्या जलमापन केंद्रावर करायचं असं करारात आहे. धरणाच्या वर अशासाठी की निसर्गाने किती पाणी दिलं ते कळावं, धरणाने किती सोडलं ते नव्हे. तिथला प्रवाह सामान्य वर्षापेक्षा कमी भरला, तर त्याच प्रमाणात इराणचा वाटा घटतो. तरतूद म्हणून अगदी रास्त. वाद होतो तो आकड्यांवर. अफगाण बाजू म्हणते दुष्काळ आहे, पाणीच नाही. इराण म्हणतो आमच्या तज्ज्ञांना देहरावूदला जाऊन स्वतः मोजू द्या. मतभेद झालाच तर आधी वाटाघाटी, मग तिसऱ्या पक्षाची मध्यस्थी, मग लवाद, अशी पायरीही करारात दिलेली आहे. माझ्या अनुभवात दोन तालुक्यांतलं कालव्याचं भांडणसुद्धा मोजपट्टीपाशी दोन्हीकडची माणसं एकत्र उभी राहिली की निम्मं शमतं. देहरावूदला दोन्ही देशांचे अभियंते एकाच नोंदवहीत सही करू लागले, तर पुढची बोलणी कशावर करायची हे तरी ठरेल.

---

इतिहासवेडी

नकाशावाले, चहार बुर्जक आणि रूदबारच्या पट्ट्यातल्या किल्ल्यांवर वेगळा धागा काढा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.